सगळं स्क्रीनवर आल्यावर एमडीचं काम काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचं कुपवाड एमआयडीसीत मशिन शॉप आहे, साठएक कामगार आहेत, आणि वालचंदमधून इंजिनीअर होऊन तुम्ही आता धंद्यात उतरला आहात. सॉफ्टवेअरवाला सांगतोय की ऑर्डरपासून डिस्पॅचपर्यंत सगळं स्क्रीनवर दिसेल, मालकाने रोज लक्ष घालायची गरज उरणार नाही. मग पुढच्या काळात एमडीने, म्हणजे कार्यकारी संचालकाने, करायचं काय, आधी कशाचं ऑटोमेशन करावं, आणि वडिलांच्या विश्वासातले जुने प्लॅनिंगवाले अण्णा आहेत त्यांचं काय करावं?

मी इंजिनीअर म्हणून साखर धंद्यात आलो आणि पुढे सांगली-सातारा पट्ट्यात कार्यकारी संचालक म्हणून काम केलं. हाताने लिहिलेल्या वजनपावत्या होत्या तिथपासून मोबाइलवर ऊसनोंद होते इथपर्यंतचा बदल आतून पाहिला. साखर कारखाना आणि मशिन शॉप यांत फरक पुष्कळ आहे. तरी मी उत्तर कारखान्यातूनच देतो, कारण ऑटोमेशन आल्यावर वरच्या खुर्चीचं काय होतं ते तिथे जास्त उघड दिसतं. एका एमडीच्या निर्णयावर हजारो सभासदांचं वर्षाचं उत्पन्न ठरतं, आणि ते सभासद थेट केबिनमध्ये येऊन बोलतात.

सरळ उत्तर आधी देतो. मोजणं, जुळवणं, लक्षात ठेवणं, रिपोर्ट काढणं हे एमडीचं काम ऑटोमेशनने खरोखर कमी होतं. पण त्याच वेळी दोन ओझी वाढतात. पूर्वी खालच्या माणसांच्या पातळीवर परस्पर मिटणारे शेकडो लहान निर्णय वर चढून एकाच टेबलावर येतात. आणि खालून वर येणारी बातमी आटते. सॉफ्टवेअर विकणारा या दोन्हींबद्दल बोलत नाही.

या विषयावर अभ्यास झालेले आहेत, ते पटकन सांगून पुढे जातो. २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासून कोणता यंत्राकडे जाण्याचा संभव किती याचा अंदाज बांधला. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या (सीईओच्या) पदाला जेमतेम दीड टक्का आला. २०१५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने मात्र पद सोडून कामाचे तुकडे पाहिले, आणि तेव्हाच्या तंत्रज्ञानानेसुद्धा सीईओच्या वेळेतला वीस टक्क्यांहून अधिक भाग यंत्राला देता येईल असं सांगितलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं: खुर्ची राहते, तिच्यावरचं काम बदलतं. हार्वर्डमध्ये २७ मोठ्या सीईओंच्या वेळेची तीन-तीन महिने नोंद ठेवली गेली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की त्यांचा ७२ टक्के वेळ बैठकांत जातो. म्हणजे माणसांशी बोलण्यात. हा आकडा फार मोठ्या कंपन्यांचा आहे, पण गळीत हंगामातल्या कुठल्याही एमडीला विचारा, तो यापेक्षा कमी सांगणार नाही.

आता माझ्या अनुभवातला मुख्य भाग: तोडणी कार्यक्रम.

पाच हजार टन गाळपाच्या कारखान्याला रोज पाच हजार टन ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथे, पडायला हवा, तोही तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही. हजारो शेतकऱ्यांच्या नोंदी, अडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे लागणीचे प्रकार, को ८६०३२ आणि फुले २६५ सारख्या जाती. कोणाचा ऊस कधी तोडायचा हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. पूर्वी तो गट ऑफिसात सुटायचा. शेती अधिकारी यादी करायचा, आणि प्रत्यक्ष फडात ऊसतोड मजुरांची कुठली टोळी कुठे जाणार हे बऱ्याच अंशी चिटबॉय, म्हणजे तोडीच्या पर्च्या वाटणारा कारखान्याचा माणूस, ठरवायचा. त्यात वशिला चालायचा हे मी झाकून ठेवणार नाही. ज्याची ओळख त्याला आधी तोड, आणि ज्याची नाही त्याच्या उसाला तुरा येईपर्यंत पर्ची नाही, अशी उदाहरणं गावोगाव होती. तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि उशीर झाला तर वजन जातं, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून थेट पैसा जातो.

म्हणून संगणकाचा तोडणी कार्यक्रम आला तेव्हा मी त्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. जीपीएसने क्षेत्र मोजायचं, लागणीची तारीख आणि जात भरायची, रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, मोजायचा, उपग्रहाच्या चित्रांवरून पक्वता पाहायची, आणि यादी यंत्राने लावायची. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम सुरू केल्यापासून आपल्या भागातल्या शेतकऱ्यालाही हे शब्द नवे राहिलेले नाहीत. अशा यादीने वशिल्याला बराच आळा बसतो. लागणीची तारीख सगळ्यांना दिसते, रांग मोडली तर लगेच कळतं.

पण यादी यंत्राकडे गेली की अडचणीही यंत्रासोबत जातात असं होत नाही. एका शेतकऱ्याच्या घरी लग्न आहे, त्याला पैसे आधी हवेत. दुसऱ्याच्या शेताला जायची वाट शेजाऱ्याच्या रानातून आहे आणि शेजाऱ्याने गहू पेरायच्या आत ऊस निघाला नाही तर ट्रॅक्टर जाणार नाही. तिसऱ्याच्या फडाला तारेतून ठिणगी पडून आग लागली, जळीत ऊस आजच्या आज उचलायला हवा. चौथी बाई एकटी आहे, तिच्या वाट्याच्या अर्ध्या एकरासाठी टोळी यायला तयार नाही, कारण टोळीच्या मुकादमाला मोठा फड परवडतो. पूर्वी यातली दहापैकी नऊ प्रकरणं चिटबॉय शेजारच्याशी बोलून, एक-दोन दिवस मागेपुढे करून मिटवायचा. यादी कुलूपबंद झाल्यावर त्याच्या हातात काही राहिलं नाही. “सिस्टीममध्ये बदल करता येत नाही, साहेबांना भेटा,” एवढंच तो सांगू शकत होता. आणि मग सकाळी सातपासून केबिनबाहेर माणसं. “साहेब, तुमचा कंप्युटर म्हणतोय जानेवारीत, पण माझी वाट डिसेंबरात बंद होतीया. मी काय करू सांगा.”

या माणसाला जे उत्तर द्यायचं ते सॉफ्टवेअर देऊ शकत नाही असं नाही. सॉफ्टवेअर काहीतरी उत्तर देईलच. पण ते उत्तर माझं आहे असं म्हणून त्याच्यासमोर बसायचं काम एमडीचं आहे, आणि ते ऑटोमेशनने वाढलं. ज्या एमडींनी हे ओळखलं त्यांनी गटवार थोडी मोकळीक परत खाली दिली: रोजच्या तोडीतला एक ठराविक हिस्सा गट अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात बदलायचा, मात्र प्रत्येक बदलाला कारण आणि नाव लिहायचं, आणि ती यादी गट ऑफिसच्या फलकावर लावायची. हे छोटं वाटेल, पण माझ्या मते संपूर्ण प्रणालीतली सर्वात महत्त्वाची सोय तीच. बदल करायचा अधिकार कुणाला, किती, आणि तो दिसणार कुणाला, हे तीन प्रश्न एमडीने स्वतः ठरवावे लागतात. ते संगणक विभागावर सोडले तर संगणक विभागच कारखाना चालवू लागतो, तेही कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसताना.

याच्याही खाली एक प्रश्न आहे, आणि तो मला २०१९ च्या पुराने नीट दाखवला. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. कृष्णा-वारणाकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. पोंग्यात गाळ गेला की शेंडा मरतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात, आणि उसातली साखर त्या फुटव्यांत खर्च होते. असा ऊस जितका उशिरा तोडाल तितका तोटा. पण जो कार्यक्रम जास्तीत जास्त साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) मिळवण्यासाठी लिहिलेला असतो तो काय करेल? कमी उताऱ्याचा ऊस मागे ढकलेल. यंत्र चूक करत नाही, त्याला जे सांगितलं तेच करतं.

आणि उतारा हा किरकोळ विषय नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे कारखान्याचा सरासरी उतारा ०.१ ने खाली आला तर टनामागे साधारण साडेचौतीस रुपये सगळ्या सभासदांचे जातात. त्यात माळावरचा शेतकरीही आला, ज्याच्या रानात पुराचं पाणी कधी आलंच नाही. पूरग्रस्ताचा ऊस आधी घ्यायचा, की सगळ्यांचा दर राखायचा? याला गणिती उत्तर नाही. आमच्या भागात त्या हंगामात बऱ्याच ठिकाणी बुडीत उसाला प्राधान्य दिलं गेलं, आणि मला तेच योग्य वाटतं. सहकारी कारखाना ज्यासाठी उभा राहिला ते कारण त्याच वेळी उपयोगी पडायला हवं. पण हा निर्णय संचालक मंडळाने उघडपणे घ्यावा लागतो, सभासदांपुढे मांडावा लागतो, आणि मगच तो कार्यक्रमात भरावा लागतो. प्राधान्य कशाला, हे सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी एका रकान्यात लिहिलेलं असतं. तो रकाना कोणी भरला, हे एमडीला माहीत नसेल तर त्या कारखान्याचा एमडी दुसराच कोणीतरी आहे.

पैशाचं गणित थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या धंद्यातही याची छोटी आवृत्ती आहे. पाच हजार टनांचं रोजचं ऊसबिल १०.२५ उताऱ्याच्या एफआरपीने एक कोटी साडेसत्याहत्तर लाख. तेवढ्या उसातून साखर निघते ५१२ टन. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि एफआरपी वाढत गेली तरी कित्येक वर्षं तिथेच राहिली. त्या भावाने रोजच्या साखरेचे होतात एक कोटी एकोणसाठ लाखांच्या आत. बाजारभाव किमान किमतीच्या वर असतो, शिवाय मळी, वीज, इथेनॉल यांचं उत्पन्न आहे, म्हणून गाडा चालतो. पण साखर एका दिवसात विकता येत नाही. २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला कारखानानिहाय विक्री कोटा देतं. आणि ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. त्यातही थकलं तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, काढतात आणि थकबाकी महसुलासारखी वसूल होते.

कोणत्या तारखेला किती रोकड कमी पडणार हे आज प्रणाली आधीच, आणि अचूक सांगते. पूर्वी हेच काढायला लेखा विभागाला कित्येक दिवस लागत आणि तोवर चित्र बदललेलं असे. हा फायदा फार मोठा आहे. पण तूट दिसली की पुढे काय? बँकेत जाऊन साखरेच्या मालतारणावरच्या कर्जाची मर्यादा वाढवून मागायची, तोडणी-वाहतूकवाल्याला आठ दिवस थांबायला सांगायचं, शेतकरी संघटनेच्या लोकांसमोर बसून तारीख द्यायची आणि ती पाळायची. बँकेचा अधिकारी तुमचा ताळेबंद संगणकावर वाचतोच, तरीही तुम्हाला समोर बोलावतो. अडचणीत हा माणूस काय करेल, हे त्याला पाहायचं असतं.

आणि काही गोष्टी कुठल्याच अंदाजात बसत नाहीत. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. दहाच दिवसांच्या आत मर्यादित परवानगी आली, आणि पूर्ण मोकळीक ऑगस्ट २०२४ मध्ये. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या त्यांच्या एमडींना त्या एका संध्याकाळी टाक्या, करार, बँक आणि गाळप यांची सगळी मांडणी बदलावी लागली. मागच्या दहा वर्षांच्या आकड्यांवर शिकलेल्या यंत्राला त्या संध्याकाळचं काही सांगता आलं नसतं.

आता दुसरं ओझं: बातमी आटणं. मला स्वतःला हे पहिल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

चिटबॉय फक्त पर्च्या वाटत नव्हता. कोणाच्या विहिरीचं पाणी गेलं, कोण शेजारच्या कारखान्याला ऊस घालायच्या विचारात आहे, जत-आटपाडीकडची कुठली टोळी यंदा येणार नाही, बीडच्या कुठल्या मुकादमाने दोन कारखान्यांची उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे, हे त्याला चहाच्या टपरीवर कळायचं आणि संध्याकाळपर्यंत शेती अधिकाऱ्यामार्फत माझ्यापर्यंत यायचं. हे कुठल्याही फॉर्ममध्ये भरलेलं नसायचं. नोंद मोबाइलवर आणि तोडीचा निरोप एसएमएसवर गेल्यावर फडावर जायचं कारणच कमी झालं. पडद्यावर हिरवे, पिवळे, तांबडे ठिपके पाहिजे तेवढे दिसतात. फडातली कुजबुज दिसत नाही. पडद्यावर सगळं हिरवं असताना एखादं गावच्या गाव दुसऱ्या कारखान्याकडे वळलेलं असू शकतं.

हल्ली तक्रारींचा गोषवारा काढून देणारी साधनं आली आहेत. शेकडो तक्रारी वाचून ती एका पानात सांगतात: पाण्याविषयी इतक्या, वजनाविषयी इतक्या. वेळ वाचतो, वापराच. पण त्या पानावर “पाणीविषयक अडचणी” असं सपाट वाक्य येतं, आणि मूळ तक्रारीत लिहिलेलं असतं, “चार म्हैने झालं सांगतोय, कोणी बघाया येत न्हाई, आता ऊस पेटवून देतो.” ही दोन वाक्यं एकच माहिती देत नाहीत. एमडीने आठवड्याला काही तक्रारी गोषवाऱ्याशिवाय, मूळ शब्दांत वाचाव्यात, त्या कोणत्या हे त्याने स्वतः निवडावं, आणि त्यातल्या एक-दोघांना स्वतः फोन करावा असं माझं ठाम मत आहे. तसंच गट ऑफिसचा दौरा अगोदर न कळवता करावा, आणि तिथे आकडे विचारू नयेत. आकडे केबिनमध्ये असतातच.

काट्याबद्दलही इथेच सांगतो. काटामारीचा, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याचा, संशय आपल्या भागात जुना आहे. वजनकाटा पूर्ण संगणकीय केला, मधला माणूस काढला, मोठा डिजिटल फलक लावला, तरी संशय आपोआप जात नाही. संगणकात काहीतरी केलंय असं लोक म्हणतात. बाहेरच्या वैध काट्यावर वजन करून आणलेला ऊस विनातक्रार घ्यायचा आणि फरक आला तर शेतकऱ्यासमोर तपासायचा, असा लेखी आदेश एमडीने काढला की मग फरक पडतो. यंत्राने अचूकता आणली. विश्वास त्या आदेशाने आला.

सुरक्षेचा मुद्दा तुमच्या शॉपलाही तंतोतंत लागू आहे. बॉयलर, टर्बाइन, मिल यांना आज स्वयंचलित इंटरलॉक असतात. पाणी कमी झालं, कंप वाढला, की यंत्र आपोआप बंद. पण हंगामात गाळप थांबलं की दर तासाचा तोटा समोर दिसतो, आणि रात्रपाळीत कुणीतरी इंटरलॉक बायपास करतो. तुमच्याकडे सीएनसी मशिनच्या दाराचा स्विच तारेने बांधून ठेवतात, तोच प्रकार. ते त्या ऑपरेटरच्या खोडसाळपणाने होत नाही. सकाळी उत्पादन का कमी झालं म्हणून त्यालाच विचारलं जातं, म्हणून होतं. सुरक्षेसाठी यंत्र थांबवणाऱ्याला एकही प्रश्न विचारला जाणार नाही, हे मालकाने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगावं लागतं आणि पहिल्याच प्रसंगी तसं वागून दाखवावं लागतं. कायद्यानेही जबाबदारी वरच ठेवली आहे: फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्ये कंपनीच्या बाबतीत ‘ऑक्युपायर’, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणारा, हा संचालकच असावा लागत असे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेतही ती कल्पना कायम आहे. अपघात झाल्यावर सॉफ्टवेअरवर खटला भरत नाहीत.

२०२२ मध्ये चीनमधल्या नेटड्रॅगन या गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्या एका उपकंपनीवर तांग यू नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता फिरती सीईओ म्हणून नेमल्याची घोषणा केली होती. अशा बातम्यांनी तुम्ही विचलित होऊ नका. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ प्रमाणे संचालक फक्त व्यक्तीच होऊ शकते. आणि कायदा उद्या बदलला तरी केबिनबाहेर उभा असलेला माणूस बदलणार नाही.

आता तुमच्या शॉपकडे येतो.

माझा सल्ला: मोजण्याचं ऑटोमेशन आधी, ठरवण्याचं सर्वात शेवटी. मशिन किती वेळ चाललं, किती वेळ आणि कशामुळे थांबलं, हे सेन्सरने मोजा. आज यावर सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यात रोज वाद होत असणार, तो संपेल. इन्स्पेक्शनच्या नोंदी, गेजचं कॅलिब्रेशन, टूल किती पीसनंतर बदललं, डिस्पॅच आणि बिलिंग, हे सगळं निर्धास्त यंत्राकडे द्या. येणी किती दिवसांची झाली हेही. एमएसएमई कायद्याने लघुउद्योगांचे पैसे द्यायला पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२४ पासून आयकरातल्या तरतुदीने तिला जोर आला आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाला आठवणीचा मेल यंत्राने पाठवावा आणि फोन तुम्ही करावा. भाव देणं मात्र स्वतःकडे ठेवा. मशिन-अवर रेटवरून सॉफ्टवेअर किंमत काढेल. ती ऑर्डर घ्यायची की नाही, नवीन गिऱ्हाइकासाठी कुठवर खाली यायचं, यात पुढच्या तीन वर्षांचा विचार असतो.

आणि किर्लोस्करवाडीचा इतिहास एकदा तरी वाचा, आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने त्या माळावर कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी ते घेईनात. उत्पादनाची अडचण सुटलेली होती. उरलेलं सगळं काम माणसांना पटवण्याचं होतं, आणि ते मालकाने केलं.

अण्णांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते वहीत प्लॅनिंग करतात आणि त्यांचं काम सॉफ्टवेअर पाच मिनिटांत करेल. करेलही. पण सॉफ्टवेअरला हे माहीत नाही की तुमचे तासगाव-कवठेमहांकाळकडचे कामगार ऑक्टोबर छाटणीला आणि पुन्हा द्राक्ष काढणीला सुट्टी घेणार, कुठल्या गावाची यात्रा कधी, हीट ट्रीटमेंटवाल्याची भट्टी खरोखर बिघडली आहे की दुसऱ्याचं काम आधी घेतलंय. अण्णा हे धरूनच वही लिहितात. कुठे लिहून ठेवत नाहीत, कारण आजवर कुणी विचारलंच नाही. त्यांना काढलंत तर हे सगळे प्रश्न तुमच्या टेबलावर येतील, जसे चिटबॉयचे माझ्याकडे आले. म्हणून प्लॅनिंग सॉफ्टवेअरने लावावं आणि ते बदलायचा अधिकार अण्णांकडे असावा, प्रत्येक बदलाचं कारण लिहून. ते टाइप करत नसतील तर शेजारी एक मुलगा बसवा. वर्षभरात ती कारणांची यादी हीच तुमच्या शॉपची सर्वात मोलाची माहिती होईल, आणि कुठले नियम कार्यक्रमात घालायचे हे तिच्यावरूनच ठरवा. अण्णांचा पगार कमी करू नका, उलट हे जबाबदारीचं काम आहे असं वडिलांकडून त्यांना सांगवा. तुम्ही सांगितलंत तर ते निवृत्तीची सूचना समजतील.

सॉफ्टवेअरवाल्याच्या करारात तीन गोष्टी लेखी घ्या: डेटा तुमचा आणि हवा तेव्हा पूर्ण मिळेल, प्राधान्याचे नियम तुम्हाला वाचता येतील अशा मराठीत किंवा साध्या भाषेत लिहून मिळतील, आणि ते नियम तुमच्या सहीशिवाय बदलणार नाहीत. सही करण्याआधी त्याला अण्णांसमोर बसवा. गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातल्या ऑर्डरी, हजर माणसं आणि बंद मशिनं द्या, आणि त्या आठवड्याचं प्लॅनिंग त्याच्या प्रणालीतून काढून घ्या. मग अण्णांची वही उघडा आणि दोन्हींतला प्रत्येक फरक का आला ते दोघांनाही विचारा. त्या दुपारी तुम्ही स्वतः तिथे बसा, वडिलांनाही बसवा.